आबा, विसार घेऊ नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, माझी नात सात वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिचा एक डोळा आत वळायला लागला, मग चालताना झोक जायला लागला. चष्मा लागला असेल म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या खालच्या भागात गाठ निघाली. डीआयपीजी म्हणतात. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होत नाही, सहा आठवडे रेडिएशन देऊ, पुढे साधारण वर्षभराचं धरून चाला. मुलगा आणि सून तिला घेऊन मुंबईला आहेत, तीन वर्षांचा नातू आमच्याकडे आहे. पुतण्याने मोबाइलवर बातमी दाखवली की अमेरिकेत पेशींच्या उपचाराने हीच गाठ पूर्ण गेली. नवीन गोळीही निघाली म्हणे. मखमलाबादला माझी दीड एकर द्राक्षबाग आहे. एक बिल्डर कधीपासून मागे लागलाय, दसऱ्याला विसार द्यायला तयार आहे. मुलाला विचारलं तर तो काहीच बोलत नाही. सून म्हणाली, आबा, रोज नवी बातमी आणू नका. नात फोनवर विचारते, आबा, मी बरी होणार ना? मी काय करू?
– एक आजोबा, नाशिक

आबा, नमस्कार.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. या दसऱ्याला विसार घेऊ नका. बिल्डरला 'बघू' एवढंही म्हणू नका, त्याला त्यातून 'हो' ऐकू येतं. गरजवंताला अक्कल नसते हे तो पुरतं ओळखून आहे, आणि तुमच्या घरात आजारपण आहे हे त्याच्या कानावर एव्हाना गेलेलं असणार. भाव तो तसाच लावेल.

नातीपुढे दीड एकराची काय कथा, हे मला कळतं. जमीन विकून पोर वाचते असं असतं तर मीच तुम्हाला रजिस्ट्रेशन ऑफिसला घेऊन गेले असते. अडचण अशी आहे की बातमीतल्या त्या उपचाराच्या वाटेवर पैसे फार पुढे लागतात. आधी रेडिएशन पूर्ण व्हावं लागतं, मग गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट लागतो, मग नव्या उपचाराची चाचणी करणारे मुलीला घेतील की नाही ते ठरतं. त्यानंतर कुठे विमान आणि व्हिसा. तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात करताय.

आजाराबद्दल तुम्हाला कोणी नीट बसून सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगते. मेंदूतून मानेकडे उतरणारा जो देठ असतो, त्याच्या मधल्या भागाला पॉन्स म्हणतात. जागा जेमतेम अडीच सेंटिमीटरची. डोळे वळवणं, चेहऱ्याची हालचाल, तोल, हातापायांना जाणारे हुकूम, सगळं त्यातून जातं. म्हणून आधी डोळा वळला आणि मग झोक गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आधी नेलंत यात काही चुकलं नाही, बहुतेक घरांत तसंच होतं. महिनाभर आधी कळलं असतं तरी उपचार हाच असता. हे सुनेला आवर्जून सांगा. आया रात्री जागून नेमका हाच हिशोब करत बसतात.

ही गाठ लिंबासारखी वेगळी बसलेली नसते. पिठात मीठ मिसळावं तशा तिच्या पेशी चांगल्या पेशींत मिसळलेल्या असतात, म्हणून कितीही मोठा सर्जन असला तरी ती काढून टाकता येत नाही. केमोथेरपीची औषधं रक्तातून मेंदूत शिरताना वाटेत अडवली जातात, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहाराच तसा कडक असतो. कित्येक वर्षं वेगवेगळी केमो देऊन पाहिली, रेडिएशनवर तिने भर घातल्याचं दिसलं नाही.

आकडे लिहावेत का, यावर मी थोडी अडखळले. पण तुम्ही जमीन विकायला निघालात, मग तुमच्यापासून ते लपवणं बरं नाही. या आजारात निम्मी मुलं निदानानंतर सुमारे ११ महिन्यांच्या आत जातात. दोन वर्षांपुढे दहातलं एखादं मूल राहतं, पाच वर्षांपुढे शंभरात दोन. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांच्या मुलीला, करेनला, १९६१ साली हाच आजार निघाला. तिलाही रेडिएशनच दिलं होतं. जानेवारी १९६२ मध्ये ती गेली, तीन वर्षांचीही नव्हती. पैसा, ओळख, देश, कशाचा उपयोग झाला नाही. तुम्ही कुठे कमी पडलात असं जे तुमच्या पत्रातून डोकावतं, त्यासाठी हे सांगितलं.

मग इतक्या वर्षांत काहीच बदललं नाही का? बदललं, आणि खऱ्या अर्थाने २०१२ पासून. त्या वर्षी संशोधकांना या गाठींच्या जनुकांत एक ठरावीक बिघाड सापडला, त्याचं नाव एच३ के२७एम. डीआयपीजीच्या सुमारे ८० टक्के मुलांमध्ये तो असतो. हा शोध लागू शकला त्याचं एक मोठं कारण म्हणजे मूल गेल्यानंतर आईवडिलांनी त्याच्या गाठीचा नमुना संशोधनासाठी दिला. आज ज्या बातम्या तुमच्या मोबाइलवर येतात, त्या सगळ्यांच्या मुळाशी ती माणसं आहेत. त्यांची नावं कुठल्याच बातमीत नसतात.

आता तुमच्या पुतण्याची पहिली बातमी. ती खरी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला मिशेल मोन्जे आणि त्यांचे सहकारी कार-टी पेशींची चाचणी करताहेत. रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना गाठीच्या पेशी ओळखायला शिकवायचं, आणि परत द्यायच्या, आधी शिरेतून आणि नंतर थेट मेंदूतल्या पाण्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी ११ रुग्णांचे निकाल छापले. चौघांची गाठ निम्म्याहून जास्त आकसली आणि त्यातल्या एकाची दिसेनाशी झाली. या आजारात असं क्वचितच कोणी पाहिलं होतं, त्यामुळे डॉक्टरही हरखले, त्यांचं चुकलं नाही. पण याच चाचणीतले अनेक रुग्ण पुढे दगावले. पेशींचं काम सुरू झालं की गाठीला सूज येते, आणि एवढ्या चिंचोळ्या जागेत सूज म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून अतिदक्षता विभाग शेजारी लागतो. सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलनेही गाठीच्या पेशींवरच्या वेगळ्या खुणेवर जाणाऱ्या कार-टी पेशी २१ जणांना दिल्या. जानेवारी २०२५ मध्ये छापलेल्या त्यांच्या निकालात निदानापासूनचं मधलं आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर जगले ते, १९.८ महिने निघालं. अकराच्या जवळपास दुप्पट, हे खरं. मात्र चाचणीत घेतलेली मुलं मुळात प्रवास झेपणारी, तब्येत टिकवून असलेली होती, हेही त्या आकड्याबरोबरच वाचायचं.

अशा चाचण्यांच्या दारावर अटी असतात. रेडिएशन झालेलं हवं. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी गाठीत तो बिघाड आहे हे तपासलेल्या तुकड्यावरून सिद्ध झालेलं हवं. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल तर सहसा घेत नाहीत. तुमच्या पत्रात बायोप्सीचा, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा, उल्लेख नाही. एमआरआय ठरावीक दिसला की अजूनही बऱ्याच ठिकाणी बायोप्सी करत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही, कारण रेडिएशनसाठी ती लागत नाही. पण पुढची कुठलीही नवी वाट धरायची तर तो रिपोर्ट लागेल. पूर्वी या जागी सुई घालायला सगळेच घाबरायचे. आता अनुभवी हातांत कायमचं नुकसान होण्याचं प्रमाण कमी आहे. तेव्हा मुलाने डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: 'बायोप्सी केली तर तिच्या उपचारात काही बदलेल का, आणि इथे ती कोण करतं?' बदलणार नसेल तर करू नका. उगाच कुतूहलापोटी लेकराच्या डोक्यात सुई नको.

इथे एक घोटाळा होईल तो आधीच निस्तरते. कोणीतरी तुम्हाला सांगेल, 'अहो, कार-टी आता मुंबईतच मिळते, आयआयटी आणि टाटाने बनवली.' बरोबर आहे, नेक्सकार१९ नावाच्या त्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण तो बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. तुमच्या नातीच्या गाठीवर तो चालत नाही. नाव एक, रोग वेगळा.

दुसरी बातमी गोळीची. तिचं नाव डॉर्डाव्हिप्रोन, आधी तिला ओएनसी२०१ म्हणायचे. आठवड्यातून एकदा घ्यायची कॅप्सूल. ६ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला तातडीच्या वाटेने मंजुरी दिली. तो एच३ के२७एम बिघाड असलेल्या गाठी उपचारानंतर पुन्हा वाढल्या तर एक वर्षावरच्या रुग्णांना ती देता येते. या बिघाडाच्या गाठींसाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध, म्हणून मोठी गोष्ट. आता बारीक अक्षरातलं वाचा. मंजुरी ज्या ५० रुग्णांच्या निकालावर मिळाली, त्यांच्यातल्या २२ टक्क्यांची गाठ आकसली, आणि त्या ५० जणांत डीआयपीजीचे रुग्ण घेतलेच नव्हते. बातमी देणाऱ्याने हे वाक्य गाळलं, कारण त्याला बातमी द्यायची होती. म्हणजे गोळी निरुपयोगी आहे असं नाही. तुमच्या नातीला ती किती लागू पडेल, हे त्या निकालावरून सांगता येत नाही, एवढंच. डॉक्टरांना पुढे द्यावीशी वाटली तर स्वतःच्या वापरासाठी बाहेरून औषध आणायला केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे, सीडीएससीओकडे, १२-ए फॉर्म भरून परवाना मिळवता येतो. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करायचं. गोळे कॉलनीच्या औषधबाजारातल्या ओळखीच्या माणसाने 'मी मागवून देतो' म्हटलं तर त्याला नमस्कार करून घरी या.

बेल्जियमच्या एका मुलाची गाठ गोळ्यांनी नाहीशी झाली, हीही बातमी एव्हाना तुमच्यापर्यंत आली असेल. तीही खरी. पण त्याच चाचणीत तेच औषध घेणाऱ्या इतर मुलांच्या गाठी गेल्या नाहीत. त्याच्या गाठीत एक फार विरळा बदल होता, त्यामुळे तसं झालं असावं असं त्या संशोधकांना वाटतं.

मला स्वतःला ज्या प्रगतीबद्दल जास्त बोलावंसं वाटतं, ती बातमीत येत नाही. रेडिएशन म्हणजे काहीच नाही, असा सूर तुमच्या पत्रात आहे. तसं नाही हो. दहातल्या सात-आठ मुलांची लक्षणं त्याने कमी होतात. डोळा सरळ येतो, चाल सुधारते, मूल पुन्हा शाळेत जाऊ शकतं. नेहमीचा कोर्स ५४ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप), ३० बैठकांचा, सहा आठवडे. पण ३९ ग्रे १३ बैठकांत देऊनही आयुष्य साधारण तेवढंच मिळतं, असं हॉलंड आणि इजिप्तच्या अभ्यासांत दिसलं आहे. ज्या मुलीच्या हाती मोजका वेळ आहे, तिचे तीन आठवडे हॉस्पिटलबाहेर वाचले तर ते मला एखाद्या औषधाइतकेच मोलाचे वाटतात. तुमच्या नातीसाठी ते योग्य आहे का, विचारा. अजून सुरुवात झाली नसेल तर मुंबईत ठरलेला उपचार नाशकात देता येईल का, तेही विचारा, इथेही चांगली मशीन्स आहेत. आणि गाठ पुन्हा वाढली तर काही महिन्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा, कमी मात्रेचं रेडिएशन देता येतं. पूर्वी हे कोणी करत नसे. आता करतात, आणि त्याने अनेक मुलांना पुन्हा काही बरे महिने मिळतात. प्रोटॉन रेडिएशनच्या मशीनबद्दल कोणी गळ घातली तर या आजारात त्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही.

रेडिएशननंतर ती सुधारेल तेव्हा घरात धोक्याची वेळ येईल. लोक म्हणतील, 'बघा, बरी झाली!' कोणी श्रेय अमक्या महाराजांना देईल, कोणी गव्हांकुराच्या रसाला. नवस बोलला असाल तर खुशाल फेडा, काळारामाला घेऊन जा, त्याने काही बिघडत नाही. औषध बंद करा म्हणणाऱ्याला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवा. विशेषतः स्टेरॉइड. त्याने तिचा चेहरा गोल होईल, सारखी भूक लागेल, चिडचिड वाढेल, आणि पाहुणे म्हणतील, 'तब्येत सुधारली हं!' ते एकदम बंद केलं तर पोरीच्या जिवावर बेतू शकतं. कमी करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने. सारख्या उलट्या, गुंगी, किंवा पाणी पिताना ठसका लागायला लागला तर रात्र आहे म्हणून थांबू नका. आणि रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसली तरी लगेच हाय खाऊ नका. कधी कधी ती नुसती सूज असते, पुढच्या एमआरआयमध्ये उतरलेली दिसते.

पॅलिएटिव्ह टीमचं नाव निघालं की आपल्याकडे समजतात, डॉक्टरांनी हात टेकले. ती माणसं वेदना, झोप, गिळणं, आईवडिलांची घालमेल, हे सगळं बघतात, आणि त्यांची ओळख पहिल्या महिन्यातच झालेली बरी. मुलाला सांगा, स्वतःहून विचार.

पैशांचं म्हणाल तर पैसे लागतीलच, पण दीड एकराएवढे नाहीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जायचं. मुंबईत खोलीभाड्यात पैसे जात असतील तर हॉस्पिटलच्या सोशल वर्करला सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सबद्दल विचारा. कॅन्सरच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना ते मोफत राहायला जागा देतात, नाव हॉस्पिटलकडूनच जावं लागतं. रोख लागेल ती मुलाच्या बुडालेल्या पगाराला, जाण्यायेण्याला, पुढे कदाचित व्हीलचेअरला. त्यासाठी बँकेतली ठेव मोडा किंवा सोनं तारण ठेवा. (बाग वडिलोपार्जित असेल तर तुमच्या बहिणींच्या सह्या लागतील. दसऱ्यापर्यंत त्या कशा गोळा करणार होतात, हे बिल्डरने सांगितलं नसेलच!)

उद्या खरंच चाचणीवाल्यांनी मुलीला घ्यायची तयारी दाखवली, तुमच्या मुलाने आणि सुनेने 'जाऊ या' म्हटलं, आणि डॉक्टरांनी प्रवास झेपेल असं सांगितलं, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असू शकेल. तो निर्णय मात्र त्या दोघांचा. परक्या देशात, आजी-आजोबांवाचून, धाकट्याला मागे ठेवून त्यांना महिनोन्महिने राहावं लागेल. मुलगा बोलत नाही त्याचं मला नवल वाटत नाही. तुम्ही जमीन पुढे केलीत, आता तो 'नको' म्हणाला तर बापानेच पोरीसाठी नाही म्हटलं असं होतं, आणि 'हो' म्हणाला तर तुमची आयुष्याची कमाई त्याच्या डोक्यावर बसते. त्याला या पेचातून आजच सोडवा. 'तुम्ही दोघं ठरवाल ते मला मान्य आहे, जमिनीचा विषय तुम्ही काढाल तेव्हाच' एवढं म्हणा. फोनवर नको, जाऊन म्हणा.

नातीचा प्रश्न. 'हो, अगदी बरी होशील' म्हणू नका. सात वर्षांची मुलं मोठ्यांचे चेहरे वाचतात, आणि एकदा का खोटं पकडलं की पुढचं काही तुम्हाला विचारत नाहीत. आकडेही सांगायचे नाहीत. आधी तिच्या आईशी बोलून सगळ्यांनी एकच भाषा ठरवा. मग असं काहीतरी: 'तुझ्या डोक्यात एक गाठ आहे, तिच्यामुळे डोळा आणि पाय त्रास देतात. ती लहान करायला डॉक्टर मशीन लावताहेत. पुढे काय होईल ते मलाही माहीत नाही, पण मी तुझ्याबरोबर आहे.' आणि तिलाच विचारा, 'तुला कशाची भीती वाटते गं?' बहुतेक वेळा उत्तर आपल्याला वाटतं त्याहून लहान निघतं. मशीनच्या खोलीत एकटं राहायचं, मास्क घट्ट बसतो, वर्गात पोरं तिरळी म्हणून चिडवतील. त्यावर काहीतरी करता येतं. तिने काही केलं म्हणून हे झालेलं नाही, आणि तिच्यापासून कोणाला लागणार नाही, हेही न विचारता सांगा. मुलं मनात असं काही धरून बसतात.

तुमच्याकडे असलेला नातूही हे सगळं बघतोय. आई अचानक कुठे गेली, हे त्याला कळलेलं नाही. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, ठरलेल्या वेळी जेवण, आणि शनिवार-रविवार जमेल तसं त्याला घेऊन मुंबई. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, ती टाटा हॉस्पिटलात असेल तर दादरला उतरलात की परळ जवळच. नातीच्या येण्याजाण्याला रेल्वेची कॅन्सर सवलत मिळते. चेअर कारमध्ये तिला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो. तो हॉस्पिटलकडून आधीच मागून ठेवा.

आणि पुतण्याला काम द्या, पोरगा हुशार दिसतोय. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आणि आपली सीटीआरआय, या दोन सरकारी यादींत या आजाराच्या नोंदवलेल्या चाचण्या सापडतात. त्यातल्या कुठल्या सध्या मुलं घेताहेत, अटी काय, ईमेल कोणाचा, हे त्याने एका कागदावर उतरवावं. जिथे चाचणीच्या औषधाचेच आगाऊ पैसे मागतात, किंवा 'स्टेम सेल'ने गाठ विरघळवतो म्हणतात, ती नावं खोडावीत. उरलेला कागद घेऊन त्याने आधी मुंबईच्या डॉक्टरांना भेटावं. त्यांनी ज्यावर खूण केली तेवढंच घरी सांगायचं. तुमच्या सुनेचं म्हणणं तरी याहून वेगळं काय आहे?